पिवळा नंतर येतो

घणसोलीत आमच्या फ्रिजचे दोन कप्पे आईचे,
खालचा माझा.
त्यात गोठलेली उंदरं, डब्यावर आईच्याच अक्षरात:
हेमांगीचं. उघडू नये.

सापांचे कागद आहेत, नोंद आहे,
सेक्रेटरीला दोनदा दाखवलीय.
कॉर्न स्नेक. ना फणा, ना विष,
ना नागपंचमीचा मान.
एक केशरी, काळा पुसून टाकलेला,
डोळे डाळिंबाचे दाणे.
दुसरा राखाडी,
शिसपेन्सिलीनं काढून रंगवायचा राहून गेलेला.

बाबांनी चष्मा कपाळावर सारला:
"ह्याच्यातला लाल कुठं गेला?"

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं. लाल त्यांचा.
उशीचा अभ्रा लाल, बनियनची बगल लाल,
आम्ही पोरं नाल्याच्या पाण्यावरून सांगायचो
आज मढवींची पाळी आहे.

मी म्हटलं, गेला नाही.
लाल बनवायची कृती आत लिहिलेली असते,
तिच्यात एक अक्षर चुकलंय.
"म्हणजे बॅच फेल,"
ते म्हणाले, आणि डब्याची पिशवी घ्यावी तसा
त्याला मनगटावर घेतला.

केशरी मादी, राखाडी नर.
अकरा अंडी, थर्माकोलची पेटी, अठ्ठावीस डिग्री.
बाबा दर चार तासांनी वहीत आकडा लिहायचे, खाली सही.
साठाव्या दिवशी अकराच्या अकरा
निघाले साधे:
विटकरी, काळ्या काठाचे, रानात असतात तसे.
"दोन फेल मिळून एक पास?"
हसता हसता त्यांना ठसका लागला.

एकानं लाल आणला होता, दुसऱ्यानं काळा.
पण प्रत्येकाच्या आत
दोन्ही कृतींची एक प्रत धड, एक फाटकी.
धड असते ती वाचली जाते.
फाटकी घडी घालून
पुढं दिली जाते.

त्याच वर्षी उरणहून पाहुणे आले.
बाबांचे हात बशीपर्यंत आले तेव्हा
मुलाच्या काकीनं पाहिलं:
बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत पांढरं,
चुन्यात बुडवून काढल्यासारखं.
"हे पुढं उतरतं का हो?"
आवाज अगदी मऊ. पोह्यांवरच्या खोबऱ्याइतका.

सोळा चौकोन मी झोपेतसुद्धा आखते.
म्हणायला हवं होतं, हे रक्तातलं नाही, ड्युटीतलं आहे,
महिन्याला हातमोज्यांचा एकच जोड मिळायचा
आणि तो आठवड्यात विरायचा.
म्हणायला हवं होतं,
उतरत असतं, तर?
मी म्हटलं, चहा घ्या.
बाबांनी हात टेबलाखाली नेले,
ते पाहुणे जाईपर्यंत तिथेच होते.

तीन वर्षांनी त्या अकरातलीच जोडी लावली.
चौदा अंडी. सोळात एक,
म्हणजे कदाचित एकही नाही.
रात्री तीनला बाबांनी मला हलवलं,
"उठ. शेवटच्याला चीर गेलीय."

आधी नाक. मग बराच वेळ काहीच नाही.
मग तो आला, ओला,
दुधात गुलाबाचा थेंब पडल्यासारखा.
काळाही नाही, लालही नाही.
सकाळी मुलुंडच्या एका मुलानं फोनवर भाव सांगितला
आणि आई चटकन खुर्चीत बसली.
"काय नाही त्याचे एवढे पैसे?"

बाबा काही बोलले नाहीत.
बोटांमधून त्याला इकडून तिकडे जाऊ देत होते,
ट्यूबलाइटच्या उजेडात मला
साप कुठला आणि पेर कुठलं
शोधावं लागत होतं.

असाच राहणार का, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, नाही. मोठा झाला की
मानेखाली थोडा पिवळा चढेल.
तो आईबापाकडून मिळत नाही.
खाण्यातून येतो.

"कुठला पिवळा? लिंबू की क्रोम?"

मला माहीत नव्हतं.
त्यांनी त्याला हळूच डब्यात सोडलं, झाकण लावलं,
हात धुतले,
आणि फ्रिजचा खालचा कप्पा उघडून
उंदरं मोजायला बसले.